अंगठा बाहेर

हिरामावशीची आणि माझी ओळख तिनं माझ्या थोबाडीत मारली तिथून सुरू झाली. खोटं नाही सांगत. बदली होऊन मी नुकताच जव्हारला आलो होतो. हुद्दा क्लार्कचा आणि नाद जुन्या गाड्यांचा. सोबत एक म्हातारी स्कूटर आणली होती, तिला इथले चढ झेपेनात. कुणीतरी म्हणालं, डेपोच्या मागं जीपवाली हिरा राहते, तिला दाखवा. गेलो. अंगणात पुढून सपाट तोंडाची, लष्करी हिरव्या रंगाची जीप उभी होती आणि उघड्या बॉनेटमध्ये एक बाई कमरेपर्यंत बुडालेली होती. गुडघ्यापर्यंत लुगडं, वर पुरुषी शर्ट. वळून न बघताच म्हणाली, "कोण हाय? आलाच हायस तर हॅंडल मार."

मला काय, आनंदच झाला. पुढच्या भोकात इंजिन फिरवायचं लोखंडी हॅंडल अडकवलं, मुठीत घट्ट धरलं आणि जोर लावणार तेवढ्यात कानाखाली असा जाळ निघाला की डोळ्यांपुढं डेपोतल्या सगळ्या एसट्या एकदम सुटल्या.

"आंगठा!" ती ओरडत होती. "आंगठा कुठं घातलास मेल्या? मनगट घेऊन जाईल ती तुझं!"

गल्लीतली माणसं दारात येऊन हसत होती. त्यांना हे रोजचंच असावं. ज्यांनी कधी हॅंडल मारलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंगठा बोटांच्या समोरून वळवून मूठ आवळायची नसते. तो बोटांच्याच बाजूला, बाहेर ठेवायचा. हॅंडल डाव्या हातानं खालून वर ओढायचं, वरून खाली कधीही दाबायचं नाही. कारण प्लगची ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटं फिरतं आणि हॅंडल माघारी फेकतं. अंगठा बाहेर असेल तर हॅंडल बोटांतून निसटतं, माणूस वाचतो. अंगठा आत असेल तर हात हॅंडलसोबत जातो. ही ठिणगीची वेळ म्हणजे टायमिंग. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करून डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवला की टायमिंग मागंपुढं होतं; पुढं गेलं की ठिणगी आधी पडते. इतकंच शास्त्र आहे, आणि मावशीनं ते मला एका थोबाडीत शिकवलं.

गेल्या पावसाळ्यात ती तापानं गेली. माणसं येऊन म्हणाली, बाई फार तापट होती. तापट कसली! बाई मारकुटी होती. पाना फेकायची, शिव्या द्यायची, जीप चालू झाली नाही तर जीपलाही लाथ घालायची आणि मग तिथंच पदरानं पुसायची. पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळं शिवी जरा फुसफुसत यायची, पण बसायची तिथं बसायची. मला ती आवडायची. फार आवडायची. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला किलार्क म्हणायची.

ते दोन दात नवऱ्यानं पाडले होते. लक्ष्मण त्याचं नाव. लिलावात निघालेली ही जीप त्यानं घेतली आणि जव्हार-मोखाडा रस्त्यावर सवारी मारू लागला. दारू पिऊन मारायचा आणि न पिताही मारायचा. हाताला लागेल त्यानं मारायचा. फॅनबेल्टचे वळ पाठीवर कसे उमटतात ते मावशी हसत हसत सांगायची, आणि तेव्हा आपल्याला मात्र हसता यायचं नाही. तो जीपखाली झोपून काम करायचा आणि ही शेजारी उकिडवी बसून पाने द्यायची. बारा-तेराचा मागितला आणि दहा-अकराचा गेला, तर तोच पाना परत यायचा, अंगावर.

"असं शिकले मी," ती म्हणायची. "शाळंत छडी आसती, माझ्या शाळंत पाना होता. आता डोळे मिटून दे, नंबर सांगते."

मग एका सकाळी हॅंडल उलटं आलं आणि लक्ष्मणचा उजवा हात मोडला. हाडवैद्यानं बांधला तो वाकडाच बसला. मूठ म्हणून वळेना. घरात खायला काही नाही, पोर लहान, तेव्हा मावशी स्टिअरिंगवर बसली. बाकीच्या सवारीवाल्यांनी पहिल्या दिवशी तिच्या चाकांची हवा सोडली. दुसऱ्या दिवशी ती हॅंडल घेऊनच स्टॅंडवर उतरली. तिसऱ्या दिवशी तिला गाड्यांच्या रांगेत नंबर मिळाला. गावात सगळे गमतीनं म्हणायचे की जीपनंच हिराचा सूड घेतला. मावशी म्हणायची, "जनावर हाय ते. माणूस वळखतं." लक्ष्मण तेव्हापासून ओट्यावर बसून राहिला, डाव्या हातानं जेवत. तिनं त्याला शेवटपर्यंत सांभाळलं, वेळेवर वाढलं, करोनात गेला तेव्हा रडलीही. पण त्या सकाळनंतर त्यानं तिच्यावर हात उचलला नाही. उचलायला हातच नव्हता.

सवारीच्या नव्या गाड्या आल्या तशी जीप म्हातारी झाली आणि आमच्यासारख्यांच्या कौतुकाची झाली. रविवारी आम्ही गावाबाहेरच्या शिरपामाळावर जमायचो. मी स्कूटर घेऊन, कुणी जुनी बुलेट, कुणी बापाची ॲम्बेसेडर. नाशिकहून हाडांचे एक डॉक्टर यायचे, त्यांच्याकडं पन्नासेक वर्षांची काळी मोटार, आरशासारखी पुसलेली. माळावर गाड्या ओळीनं लावायच्या, बॉनेटं उघडायची, दुसऱ्याच्या इंजिनात डोकं घालून नाकं मुरडायची आणि चहा प्यायचा, हा आमचा कार्यक्रम. बायको म्हणायची, लग्नाची मुलगी बघायला जातात तसं करता तुम्ही. आणि आमच्यात रीत अशी, की नव्या माणसानं आधी मावशीच्या जीपला हॅंडल मारायचं. जुनी माणसं चहाचे कप खाली ठेवून बघत उभी राहायची. नवा माणूस अंगठा आत घालायचा आणि थोबाडीत खायचा. डॉक्टरांनीही खाल्ली. नाशिकात ज्यांच्या दारात माणसं रांग लावतात, त्यांचा चष्मा गवतात शोधावा लागला. पण गडी दिलदार. गाल चोळत म्हणाले, "बरोबर आहे हिराबाई. असले मोडके हात मीच जोडत असतो." त्यानंतर दर भाऊबीजेला ते तिच्यासाठी साडीऐवजी जीपचा एखादा भाग शोधून आणायचे. एकदा कार्बोरेटर मिळाला तेव्हा तिनं त्याला ओवाळलं होतं. डॉक्टरांना नव्हे, कार्बोरेटरला.

याच डॉक्टरांनी एकदा ओट्यावर बसलेल्या लक्ष्मणचा हात हातात घेऊन पाहिला होता. "हॅंडलचं फ्रॅक्चर," ते म्हणाले. "पण दोन ठिकाणी? टायमिंग फारच पुढं गेलं असणार."

"असंल," मावशी म्हणाली आणि चहात साखर घातली. लक्ष्मण उठून आत गेला.

एकदा मुंबईकडचं एक टोळकं माळावर आलं होतं, त्यातला एकजण बुटांसकट जीपच्या बॉनेटवर चढून मोबाइलपुढं नाचायला लागला. मावशी हॅंडल घेऊन गेली. "उतर."

"काकी, दो मिनट," तो म्हणाला.

तिनं वळून त्याच्या नव्या कोऱ्या गाडीचा पुढचा दिवा फोडला. एकाच दणक्यात. "आता उतरतोस का दुसरा फोडू?" त्याचे मित्र धावून आले. एकाच्या कोपरावर हॅंडल बसलं, दुसऱ्याच्या नडगीवर. आम्ही मधे पडलो तर मलाही एक मिळालं, आपला माणूस वगैरे भानगड तिच्याकडं नव्हती. शेवटी डॉक्टरांनी तिचे दोन्ही हात धरले. पण खरी गंमत पुढं आहे. पोरं माफी मागून निघाली तेव्हा तिनं त्या नाचऱ्याला परत बोलावलं आणि जीपला हॅंडल मारायला लावलं. अंगठा आत. झालं, थोबाडीत खाल्ली. तो पोरगा हल्ली दर महिन्याला बापाची जुनी फियाट घेऊन येतो. मावशीच्या दिवसकार्याला सगळ्यांत आधी तोच पोचला होता.

दसरा तिच्याकडचा बघण्यासारखा. आपण काय करतो? गाडी धुतो, हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. ती पहाटे हॅंडल राखेनं घासायची, पाटावर ठेवायची, शेजारी कोयता आणि विळा. मग कोंबडा. मान ती स्वतः कापायची, आणि रक्ताचा पहिला टिळा हॅंडलला, नंतर चाकाला, सगळ्यांत शेवटी बॉनेटला. मी एकदा विचारलं, "मावशी, मान गाडीचा ना? हॅंडलला कशाला पहिला?"

"दसऱ्याला हत्यार पुजतात ना? मंग!"

लक्ष्मण होता तोवर हॅंडल पाटावर आलं की तो ओट्यावरून उठून घरात जायचा. मला वाटायचं, दुखऱ्या हाताची आठवण होत असेल बिचाऱ्याला.

या बाईला एकच पोर, यमी. आईच्या शेजारी उकिडवी बसून पाने देत वाढली, पण तिच्या अंगावर पाना कधी परत आला नाही. मोखाड्याला दिली. जावई सुरेश, जेसीबीवाला, पांढरा शर्ट, हातात जाड कडं, बोलायला गूळ. सासूला आई म्हणायचा आणि वाकून पाया पडायचा. मावशी अख्ख्या तालुक्याला अरेतुरे करायची, डॉक्टरांनाही, फक्त या एका माणसाला ती तुम्ही म्हणायची. जावईबुवा. रीतच आहे ती.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग यमी सणाला आली ती डोळा काळानिळा करून. मग एकदा आली तेव्हा डाव्या बाजूनं हाक मारली तर वळेना. कानाखाली मारून पडदा फाडला होता. चार शहाणी माणसं बसली, समजूत घातली, संसार आहे, भांड्याला भांडं लागतं. सुरेशनं सगळ्यांसमोर कान धरले. यमी परत गेली.

मावशी मोखाड्याच्या आठवडी बाजारात गेली. मी ऑफिसच्या कामानं तिकडंच होतो, डोळ्यांनी पाहिलं. सुकी मासळी विकायला बसलेल्या बायांच्या मधे तिनं जावयाला गाठलं, पायातली चप्पल काढली आणि सुरू केली. "तुमाला काय वाटलं, जावईबुवा? माझी पोर म्हंजे ढोल हाय?" एकेका शब्दाला एक. मारतानासुद्धा 'तुम्ही' म्हणणं सोडलं नाही तिनं. बाजार पोट धरून हसत होता. सुरेश मान खाली घालून उभा राहिला. मलाही तेव्हा फार गार वाटलं, म्हटलं, उतरला माज.

त्याच संध्याकाळी त्यानं घरी जाऊन यमीचे पुढचे दोन दात पाडले.

शेजारच्या बाईनं तिला सकाळच्या गाडीत बसवून जव्हारला पाठवलं. मी गेलो तेव्हा मायलेकी भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोघींची तोंडं सारखी दिसत होती. मला बघवेना. मावशीनं दिवसभर जीपला हात लावला नाही. संध्याकाळी म्हणाली, "मी मारलं तेच चुकलं, किलार्क. चपलंनं मारून काय व्हतं? माणूस चिडतो फकस्त. हात ऱ्हातो ना जागच्या जागी."

सुरेश दोन-तीन आठवड्यांनी आला, सोबत तीच चार शहाणी माणसं घेऊन. झालं गेलं विसरू म्हणाला. यमीला नेतो म्हणाला. आणि जाता जाता म्हणाला, रस्त्याला हॉटेल टाकतोय, दारात ठेवायला जीप द्या, लायटिंग करतो, शहरातले लोक फोटो काढतात, तुमची-आमची दिलजमाईपण दिसेल. मी शेजारीच बसलो होतो. माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. पण यमीच म्हणाली, "जाते मी, आई. तुझ्या जिवाला घोर नको." ती हे उजवा कान आईकडं करून बोलत होती. मला कळून चुकलं की ही आता गेली तर पुढच्या वेळी दातांवर भागणार नाही. तिथं बसलेल्या सगळ्यांनाच ते कळत होतं आणि सगळे चहा पीत होते.

मावशी शांत होती. शांत! "न्या," ती म्हणाली. "पोर पण न्या, जीप पण न्या. रविवारी शिरपामाळाला या. आमच्यात रीत हाय, नेणाऱ्यानं सोताच्या हातानं हॅंडल मारून न्यायची."

रविवारी आम्ही सगळे होतो. वारा सुटलेला, माळावर फिरायला आलेली माणसं, पोरंबाळं. यमी पिशवी घेऊन जीपशेजारी उभी. मावशीनं बॉनेट उघडलं. पाना घेतला, डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला केला आणि डिस्ट्रिब्युटर फिरवला. थोडाथोडका नाही. मी ज्या बाईला केसभर सरकवताना बघत आलो होतो, तिनं तो खुणेपासून चांगला बोटभर पुढं नेला आणि बोल्ट आवळला.

मला एकदम लक्ष्मणचा वाकडा हात दिसला. पाटावरचं हॅंडल दिसलं. अरे देवा, म्हटलं, इतकी वर्षं आपण काय बघत होतो?

"अहो, ते टायमिंग..." मी डॉक्टरांना म्हणालो. डॉक्टर माझ्या शेजारीच उभे होते, त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी माझं कोपर धरलं आणि म्हणाले, "तुमच्या स्कूटरचं काय झालं हो? आवाज गेला का तिचा?" त्यांनी आजवर माझ्या स्कूटरची कधी चौकशी केली नव्हती. मी गप्प बसलो. त्याचं मला आजही काही वाटत नाही, सांगून ठेवतो.

सुरेशनं बाही वर केली. कडं मागं सारलं. हॅंडल अडकवलं आणि उजव्या मुठीत घट्ट धरलं, अंगठा आत. आम्ही सगळे सवयीनं मावशीकडं बघायला लागलो. नाचऱ्या पोराचा हात तर आपसूक स्वतःच्या गालावर गेला. आता बसणार.

मावशी हात पदराखाली घेऊन उभी होती. "मारा, जावईबुवा," ती म्हणाली. "वरून दाबून मारा. जोर लावा."

त्यानं जोर लावला. काही झालं नाही. चारचौघांत फजिती नको म्हणून त्यानं पाय रोवले आणि सगळं अंग टाकून दाबलं. इंजिन खोकलं, आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज माळभर ऐकू गेला. हॅंडल उलटं फिरलं होतं आणि सोबत त्याची मूठही. तो गुडघ्यावर आला. मनगट आणि कोपर यांच्या मधे जिथं हात सरळ असतो तिथं तो वाकलेला होता, आणि अंगठा मागं मनगटाला टेकला होता. मग तो ओरडला. फिरायला आलेली पोरं आयांच्या पदरात शिरली. मी तोंड फिरवलं, आणि त्याच वेळी मला बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

डॉक्टर पुढं झाले. आता ते हाडांचे डॉक्टर होते आणि काम त्यांनी चोख केलं. माझ्याकडून लांब पाना मागितला, आपला रुमाल आणि माझा मफलर घेतला आणि पाना लावून हात बांधला. "दोन ठिकाणी मोडलाय," ते उठत म्हणाले आणि त्यांनी मावशीकडं पाहिलं. "मूठ काही वळायची नाही आता."

"असंल," मावशी म्हणाली.

त्याला दवाखान्यात न्यायला आमच्या पाच गाड्या उभ्या होत्या. पण मावशी म्हणाली, जावई माझा आहे, मीच नेणार. त्याला उचलून जीपच्या मागच्या बाकावर बसवलं. यमी जागची हलली नव्हती, पिशवी तशीच हातात.

"मी नाय जायची मोखाड्याला," ती म्हणाली. हळू नाही, चांगलं मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मंग पिशवी खाली ठेव आन् हॅंडल घे," मावशी म्हणाली. तिनं डिस्ट्रिब्युटर परत खुणेवर आणला. "डाव्या हातानं. खालून वर. आंगठा?"

"बाहेर," यमी म्हणाली.

दुसऱ्या ओढीला जीप चालू झाली. त्यानंतर मावशीला मी कितीदा तरी भेटलो, शेवटच्या दुखण्यात तिच्या खाटेशी बसलो, पण ते चित्र मी जवळ ठेवत नाही. हे ठेवतो. इंजिन जरा अडखळत होतं. मावशी बॉनेटपाशी गेली, बोल्टवर पाना लावला आणि मान हलवून लेकीला बोलावलं. यमी वाकली, डोकं फिरवलं आणि चांगला कान इंजिनापाशी नेला. मावशी डिस्ट्रिब्युटर केसभर सरकवून तिच्या तोंडाकडं बघत होती.

"आई, चला ना लवकर," मागून सुरेश रडत होता. "आई, पाया पडतो."

"थांबा, जावईबुवा. टायमिंग बसवतोय." मग लेकीला, "आता?"

"अजून थोडं," यमी म्हणाली.

"आता?"

यमीनं डोळे मिटले. "अजून."

"घाई नको करू," मावशी म्हणाली. "नीट ऐक."